पाखाडी, लावणी आणि वार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच निघाला : गरोदरपणातले श्रम आणि वार, म्हणजे गर्भाशयाला चिकटून नाळेवाटे बाळाला पोसणारा अवयव. म्हणून ती एकत्र घेते. पहिल्या दोघींना सविस्तर उत्तर देते आहे, उरलेल्या दोन पत्रांचं काम थोडक्यात होण्यासारखं आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मला पाचवा महिना चालू आहे, पहिलीच वेळ. ठाण्यात असताना मी नियमित पळायचे. आता घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून गुहागर तालुक्यात माहेरी आले आहे. आमचं घर वरच्या वाडीत, रस्ता खाली, मधे जांभ्या दगडाची उभी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. रोज ती उतरून समुद्रापर्यंत चालत जायचा माझा बेत होता. काकी म्हणते, "बाय माझे, चढउतार करू नको, वार सुटेल." आई म्हणते, तू दमलीस की बाळाचं रक्त तुझ्या पायात उतरतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून "सगळं नॉर्मल, चालत राहा" एवढंच सांगितलं. मोबाइलवर वाचलं की व्यायामाने वार मोठी होते. खरं काय धरू? आणि मोठी वार चांगली असते का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : तुमच्या आईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतं. आपण जोरात चालतो किंवा पळतो तेव्हा रक्त खरोखरच पायांच्या स्नायूंकडे आणि अंग गार ठेवायला त्वचेकडे वळतं. गर्भाशयाचा वाटा त्या वेळेपुरता कमी होतो. एरवी गर्भाशयाला मिनिटाला जेमतेम 50 मिलिलिटर रक्त लागतं, दिवस भरत येतात तेव्हा तेच 600-700 मिलिलिटरवर जातं. एवढ्या मोठ्या वाट्यातून थोडं वळतं केलं तर बाळ उपाशी राहत नाही, कारण उरलेल्या रक्तातून वार जास्त प्राणवायू ओढून घेते. घामामुळे आईचं रक्त किंचित दाट होतं, त्यामुळे तेवढ्याच रक्तातून जास्त प्राणवायू पोचतो. शिवाय कमी झालेल्या रक्तातलाही मोठा हिस्सा गर्भाशयाच्या भिंतीपेक्षा वारेकडेच जातो. तुम्ही चालत असताना बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दहा ते तीसने वाढतात आणि तुम्ही बसलात की थोड्या वेळात जागेवर येतात. आईंना हे वाचून दाखवा.

आता वारेबद्दल. बाळंतपण झालं की मी वार ट्रेमध्ये घेऊन उलटसुलट करून तपासते, एखादा तुकडा आत राहिला नाही ना हे बघायला. बाहेर थांबलेल्यांत कुणी धीट असेल तर आत बोलावून दाखवते. अर्धा किलोच्या आसपास वजन, वीतभर रुंदी, नाचणीच्या जाड भाकरीसारखी गोल. एका बाजूला गुळगुळीत, त्या बाजूला नाळ. दुसऱ्या बाजूला खडबडीत, ती गर्भाशयाला चिकटलेली. त्या खडबडीत बाजूत बारीक बारीक फांद्या असतात. फांद्यांच्या आत बाळाचं रक्त वाहतं आणि बाहेरून आईचं रक्त त्यांना धुऊन जातं. दोन रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत, देवाणघेवाण पातळ पडद्यातून होते. या सगळ्या फांद्यांचा पृष्ठभाग पसरून मोजला तर दिवस भरलेल्या वारेत तो 11-12 चौरस मीटर भरतो. म्हणजे वारेची ताकद तिच्या वजनात कमी आणि या फांद्यांत व त्यांना पाणी घालणाऱ्या रक्तवाहिन्यांत जास्त. या वाहिन्या पहिल्या वीसएक आठवड्यांत रुंद होतात, म्हणजे तुमच्या वारेचं पायाभरणीचं काम आता संपत आलं आहे.

व्यायामाने त्यात काय फरक पडतो हे अमेरिकेत जेम्स क्लॅप नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने वर्षानुवर्षं तपासलं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका अभ्यासात 46 जणी होत्या, आधी नियमित व्यायाम न करणाऱ्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने आठव्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन ते पाच वेळा वीस मिनिटं व्यायाम केला, दुसऱ्याने काही नाही. व्यायाम करणाऱ्यांची वार मधल्या महिन्यांत जास्त वेगाने वाढली, तिच्यातला कामाचा भाग जास्त भरला आणि बाळंही सरासरी पाव किलोने वजनदार झाली. कारण असं मानलं जातं : व्यायामाच्या वेळी रक्त थोडं कमी पडतं, थांबलं की पुन्हा भरभरून येतं. ही रोजची ओढाताण वारेला जास्त वाहिन्या फुटायला भाग पाडते. शिवाय व्यायाम करणाऱ्या बाईच्या अंगात एकूण रक्तच जास्त तयार होतं, त्यामुळे दिवसाच्या उरलेल्या तासांत, म्हणजे तुम्ही लॅपटॉपपुढे बसलेल्या असता किंवा झोपलेल्या असता तेव्हा, वारेकडे अधिक रक्त जातं.

या गोष्टीचा दुसरा भाग मोबाइलवर सहसा येत नाही. दोन वर्षांनी क्लॅपने आधीपासूनच व्यायाम करणाऱ्या 75 जणी घेतल्या, म्हणजे तुमच्यासारख्या. काहींनी विसाव्या आठवड्यानंतर व्यायाम कमी केला, काहींनी तो वाढवून शेवटपर्यंत भरपूर ठेवला. कमी करणाऱ्यांची बाळं सरासरी 3.81 किलोची, भरपूर करणाऱ्यांची 3.39 किलोची, आणि वारेची वाढही त्याच मापात. आमच्याकडे 3.39 किलोच्या बाळाचे पेढे वाटले जातात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण शेवटच्या तीन महिन्यांत जोर वाढवायचा नसतो, टिकवायचा किंवा उतरवायचा असतो, एवढं त्यातून घ्या.

मोठी वार म्हणजे चांगली वार, असंही सरळ गणित नाही. आईच्या अंगात रक्त कमी असेल तर वार आपला पसारा वाढवून भरपाई करायला बघते. तिथे वार मोठी आणि बाळ मात्र बेताचं, असंही दिसतं. मधुमेहातही वार मोठी भरते. त्यामुळे सोनोग्राफीच्या कागदावर वारेची जाडी शोधत बसू नका. बाळ वाढतंय का, तुमचं बीपी किती, हिमोग्लोबिन किती, हे तीन आकडे विचारा.

काकींच्या भीतीबद्दल. वार वेळेआधी सुटते तेव्हा त्यामागे वाढलेलं बीपी असतं, पोटावर बसलेला जोराचा मार असतो, तंबाखू असतो, आधीच्या खेपेला असंच झालेलं असतं. चालणं या यादीत नाही. उलट, प्री-एक्लॅम्पसिया नावाचा बीपीचा आजार, ज्याचं मूळच वारेच्या वाहिन्या नीट रुंद न होण्यात असतं, तो नियमित व्यायाम करणाऱ्यांत कमी दिसतो. 2018 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, त्यात या आजाराचा आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघाला. काकींचं एक मात्र ऐका. मिरगाचा पाऊस सुरू झाला की जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि तेव्हा पाखाडीवरून पाय घसरून पोटावर आपटणं हे वार सुटण्याचं खरंखुरं कारण आहे. पाऊस लागला की पाखाडी बंद. पडवीत, अंगणात पत्रे घातलेले असतील तिथे, नाहीतर खालच्या डांबरी रस्त्यावर कुणाची तरी गाडी पकडून जा आणि तिथे चाला.

किती चालायचं? आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा हाच आहे. जोर किती, त्याची साधी खूण : चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलताना शब्द तुटायला लागले तर वेग कमी करा. पळायची सवय होती तर हळू पळायलाही हरकत नाही, पण शर्यतीसारखं नको. नॉर्वेत 2012 साली ऑलिंपिकच्या तोडीच्या सहा गरोदर खेळाडूंना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवून तपासलं. हृदयाची गती कमाल मर्यादेच्या 90 टक्क्यांच्या पुढे गेली आणि गर्भाशयाचं रक्त निम्म्याखाली उतरलं की बाळाचे ठोके मंदावलेले दिसले. थांबल्यावर लगेच सावरले. तिथपर्यंत तुम्ही जाणार नाही, पण आईंच्या भीतीतलं खरं टोक ते आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे दमट हवा. किनाऱ्यावर घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही. सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर निघा, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. ओल्या, घट्ट वाळूवर चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत कंबर आणि घोटे दुखतात, आता सांधे सैलावलेले असतात. यापुढे पाठीवर सपाट झोपून करायचे व्यायाम टाळा, गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि चक्कर येते. अंगावरून लाल गेलं, पाणी गेलं, ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखायला लागलं, छातीत दुखलं, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखरेपणा आला, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

प्रश्न : माझ्या सुनेला तिसरा महिना आहे. आरोग्य केंद्रात तिला व्यायाम करा म्हणून सांगितलं. पहाटे उठून पाणी, चूल, गुरं, वाड्यात शेण, दुपारी शेतात, संध्याकाळी परत चूल. अजून कसला व्यायाम करायचा तिने? आता लावणी तोंडावर आली आहे. आम्ही लावणी करता करता बाळंत झालो, आम्हाला काही झालं नाही. तिचं रक्त 9.2 आहे. — एक सासू, राजापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न पहिल्या पत्रापेक्षा महत्त्वाचा आहे आणि मासिकांत तो फार कमी वेळा येतो. तुमच्या सुनेला व्यायाम वाढवायची गरज नाही. तिला काम कमी करायची गरज आहे.

वर ज्या अभ्यासांचं मी सांगितलं त्यातल्या बायका पोटभर जेवणाऱ्या, वीस मिनिटं व्यायाम करून मग बसणाऱ्या. व्यायामातला फायदा त्या बसण्यात आहे. वारेकडे रक्त भरभरून परत येतं ते तेव्हा. भातखाचरात सहा-सात तास वाकून, पाय चिखलात, मधे एक भाकरी आणि चहा, घरी आल्यावर पुन्हा डोक्यावर हंडा, यात ते परत येणंच होत नाही. दोन्हींत घाम येतो, दोन्हींत धाप लागते, पण वारेच्या हिशेबी ती दोन निराळी कामं आहेत.

आपल्याच राज्यातला पुरावा आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1990 च्या दशकात गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. घरकाम, पाणी भरणं, शेतकाम यांचा हिशेब मांडून 2003 साली संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांत जिचे कष्ट जास्त, तिच्या बाळाचं वजन कमी, डोक्याचा घेर कमी, दंडाचा घेर कमी. शहरातल्या बाईला चाला म्हणणारी मी तुमच्या सुनेला बसा म्हणते ते यामुळे. आरोग्य केंद्रातल्या भिंतीवरचं पोस्टर दोघींना एकच असतं, हा पोस्टरचा दोष.

"आम्हाला काही झालं नाही" हे वाक्य मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकते की आता उलट विचारते : तुमच्या जावेला, नणंदेला, शेजारणीला? वाडीतली सगळी बाळंतपणं आठवलीत तर अपुऱ्या दिवसांची, दोन किलोची, न जगलेली बाळंही आठवतील. तुमची सगळी नीट झाली, हे चांगलंच झालं.

रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, 9.2 हे कमी. गरोदरपणात 11 च्या वर हवं. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं ते कमी असतं (राष्ट्रीय पाहणीत 52.2 टक्के आलं होतं), म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिसरा महिना संपला की आरोग्य केंद्रातली आयर्नची गोळी रोज, किमान 180 दिवस. तिचं रक्त आत्ताच कमी असल्याने डॉक्टर डोस वाढवतील, तो विचारून घ्या. गोळी चहाबरोबर नको, चहाने लोह अंगी लागत नाही. कोकमाचं सार किंवा लिंबू चालेल. शौच काळं होईल, त्याला घाबरून गोळ्या फडताळात टाकू नका. खायला कुळथाची पिठी, नाचणीची आंबील, अंडं, बांगडा, तारली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुका जवळा आहेच, मीठ धुऊन घ्या. मोरी (शार्क) मात्र नको, मोठ्या माशांत पारा साठतो.

लावणीबद्दल : यंदा तिला बांधावर बसवा, रोपांच्या मुठी बांधू देत, तेही मधे मधे उठून. पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या शेतातल्या कामाच्या फेडीला, माणूस देणं भाग असेल तर घरातला पुरुष द्या. दुसरं कारण असं की चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला साधी चीर असली तरी जंतू आत शिरतो, आणि त्यावर शेतकऱ्यांना वाटतात त्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत. म्हणजे ज्या कामावरचं औषध तिला देता येत नाही, ते काम तिला सांगू नका. ताप आलाच तर एक दिवसही घरी काढू नका.

दुपारी एक तास डाव्या कुशीवर आडवं पडणं, हा तिचा व्यायाम. आडवी पडली म्हणून घरात कुणी बोलणार नाही, एवढं तुम्ही बघा. सासूने एकदा सांगितलं की घरातलं दुसरं कुणी बोलत नाही, हा माझा अनुभव.

आणि पत्रात नव्हतं तरी विचारते, घरात मशेरी आहे का? असेल तर तिच्या हाताला लागू देऊ नका. तंबाखूने वारेच्या वाहिन्या आकसतात. मुंबईत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली. तुम्ही स्वतः लावत असाल तर दोघींनी मिळून सोडा, एकटीने सुटत नाही.

प्रश्न : विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली आहे असं आलं. तेव्हापासून घरच्यांनी मला पलंगावरून उतरू दिलेलं नाही. अंगावरून काही जात नाही. — एक वाचक, दापोली

उत्तर : उतरा. या वेळेला खाली दिसलेल्या दहापैकी साधारण नऊ वारा पुढे वर सरकलेल्या दिसतात, कारण गर्भाशयाचा खालचा भाग नंतर वाढतो आणि वार गर्भाशयाच्या तोंडापासून लांब जाते. पडून राहिल्याने ती वर जात नाही आणि चालल्याने खाली येत नाही. पडून राहण्याने पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका मात्र वाढतो. 32 व्या आठवड्याला पुन्हा सोनोग्राफी करा. तोवर घरातली हलकी कामं, सपाट रस्त्यावर संथ चालणं चालेल. जड उचलणं नको, एसटीचा खड्ड्यांतला लांब प्रवास नको आणि शरीरसंबंधांबद्दल तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. 32 व्या आठवड्यालाही वार तोंडावरच असली तर व्यायाम बंद आणि बाळंतपण सिझेरियनने, जिथे रक्ताची सोय आहे अशा ठिकाणी. म्हणून रक्तगट आत्ताच तपासून रक्त देणारे दोन नातेवाईक ठरवून ठेवा, आपल्या भागात रात्री रक्त मिळवणं ही वेगळी लढाई असते. लाल गेलं, दुखो वा न दुखो, लगेच निघायचं. आणि तुमच्या पत्राच्या शेवटी वार कुठल्या बाजूला आहे यावरून "काय असेल" असं जे विचारलंय, ते छापत नाही. त्यावरून कळत नाही, आणि कळलं असतं तरी 1994 चा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा आहे.

प्रश्न : माझा मालवणात पर्यटकांचा व्यवसाय आहे, बायको माझ्याबरोबर स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्राखाली, उतरते. आता दुसरा महिना असल्याचं कळलं. ती म्हणते पोहणं चांगलं असतं मग हे का नको? मागच्या आठवड्यात ती दोनदा खाली गेली होती. — एक वाचक, मालवण

उत्तर : पोहणं उत्तम, स्कूबा बंद. खाली दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि वर येताना त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मोठ्या माणसाची फुप्फुसं ते बऱ्यापैकी गाळून टाकतात. पोटातल्या बाळाचं रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं, त्यामुळे बुडबुडा थेट मेंदूकडे किंवा हृदयाकडे जाऊ शकतो. तिला त्रास झाला नाही म्हणून बाळाला झाला नाही, असं म्हणता येत नाही. मागच्या आठवड्यातल्या दोन फेऱ्यांसाठी गर्भपाताचा विचार करायचं कारण नाही, पण डॉक्टरांना सांगा आणि अठरा ते वीस आठवड्यांतली सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका.

पोहायला तलाव मिळत असेल तर तो बरा. समुद्रात उतरायचं तर शांत दिवशी, छातीएवढ्या पाण्यात, सोबत कुणीतरी असताना, आणि पावसाळ्याचे चार महिने अजिबात नाही. बोटीवर गिऱ्हाइकं सांभाळायला तिला नेत असाल तर लाटांचे दणके बसणाऱ्या जागी बसवू नका आणि टाक्या तुम्ही उचला.